चित्रपटाची प्रत व तिची प्रामाण्यचिकित्सा

कोल्हापुरांत बाबूराव पेंटर ह्यांनीं स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' हा मूकपट तयार केला व तो १९२० सालीं लोकांसमोर आला. आज तो पाहावयास मिळत नाहीं. 'सावकारी पाश' (१९२५) ह्या मूकपटाचीहि तीच गत झाली. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत; त्या कालांतरानें कुजतात व झटकन पेट घेतात. पुण्यास ८ जानेवारी २००३ रोजीं अशाच फितींच्या कोठारास आग लागून पुष्कळ ठेवा नष्ट झाला. जे पट उरले, उदाहरणार्थ प्रभात कंपनीनें कोल्हापुरांत काढलेला 'अयोध्येचा राजा' (१९३२), ते अभ्यासकाच्या हातीं आतां बहुधा संगणकावरील अंकरूपांत येतात. ही अंकरूप प्रत कशी बनते व ती प्रमाण म्हणून कितपत धरावी, ह्याचा विचार येथें कर्तव्य आहे.

दप्तरखान्यांत कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमाल पाहून आंतील कागद मोडींत आहे कीं बाळबोधींत, हें सांगतां येत नाहीं. अंकरूप चित्रफितीचें तसेंच आहे. नांवाच्या शेवटीं दिसणारीं 'एमपी-४', 'एमकेव्ही' हीं अक्षरें रुमालाचीं होत. आंत चित्राचा व ध्वनीचा प्रवाह निरनिराळा असतो, आणि चित्र 'एच-२६४' ह्या संकेतानें लिहिलें कीं 'एव्ही-१' ह्या, हा प्रश्न स्वतंत्र आहे. फाईल उघडते पण चित्र दिसत नाहीं, अशी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते. तेथें रुमाल सुटलेला असतो, परंतु ती लिपि वाचणारा कारकून त्या यंत्रांत नसतो.

संकेत लागतो कशास? रुंदी १९२० व उंची १०८० ठिपके अशा एका चित्रांत २० लक्ष ७३ हजार ६०० ठिपके होतात. प्रत्येकास तीन बाइट धरल्यास एक चित्र ६२ लक्ष बाइटांचें. सेकंदास २४ चित्रें ह्या मानानें तासाभराचा पट सुमारें ५३७ अब्ज बाइटांचा होईल. एवढा भार वाहणें अशक्यप्राय. म्हणून २००३ सालीं प्रसिद्ध झालेला एच-२६४ हा संकेत मधून मधून एक चित्र पूर्ण लिहितो, इतरांत जें बदललें तेवढेंच नोंदतो, आणि डोळ्यांस सहसा न जाणवणारा तपशील गाळतो. गाळलेलें परत मिळत नाहीं. मोडी लिहिणारा ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीं, मग तो वाचणाऱ्यास तर्कानें ठरवावा लागतो. तसाच हा प्रकार.

यूट्यूब हें स्थळ २००५ सालीं निघालें. तेथें चढविलेली फीत स्थळाचें यंत्र पुन्हां आपल्या संकेतांत, लहानमोठ्या आकारांत लिहून काढतें. प्रेक्षकास दिसते ती ही नक्कल. ती कोणी उतरवून घेऊन पुन्हां चढविली कीं नकलेची नक्कल झाली, व लेखकप्रमाद वाढले. शिवाय कांहीं दोष हौशी हातांचे. चारास तीन ह्या प्रमाणाचें जुनें चित्र रुंद पडद्यासाठीं ताणलें म्हणजे चेहरे फुगतात. कापलें तर डोकीं वा पाय जातात. सेकंदास १६ चित्रें ह्या गतीनें घेतलेला मूकपट २४ च्या गतीनें चालविला तर साठ मिनिटांचा खेळ चाळिसांत संपतो. पूर्वीचे लोक असेच तुरतुर चालत, असा कित्येकांचा प्रामाणिक समज आहे!

भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ पर्यंत महाभारताच्या पोथ्या ताडून चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली. तेवढे श्रम येथें नकोत. परंतु चित्रपटाचा आधार देतांना तो कोणीं चढविला, कोणत्या दिवशीं पाहिला, लांबी किती मिनिटें, चौकटीचें प्रमाण काय, आणि मूळ कोणती फीत, इतकें तरी टिपलें पाहिजे. केवळ 'यूट्यूबवर आहे' हा आधार आम्ही आधार मानीत नाहीं. उद्यां ती फीत तेथून काढली गेली तर ताळा कशाशीं पाहावयाचा?

जतनासाठीं निराळा संकेत घ्यावा. 'एफएफव्ही-१' ह्यांत कांहीं गाळलें जात नाहीं. आकार मोठा होतो, पण प्रत बिनचूक राहते. लोकांस वाटावयाच्या लहान प्रती तिच्यावरून काढाव्या. ज्यांच्या घरीं जुन्या मिरवणुकींच्या वा लग्नांच्या आठ मिलिमीटर फिती किंवा व्हीएचएस टेपा आहेत, त्यांनीं त्या अंकरूपांत उतरविल्यावरहि मूळ टाकून देऊं नये, आणि डब्यावर स्थळ, तिथि व चित्रांतील माणसांचीं नांवें लिहून ठेवावीं.