विझत नाही तो स्वर : गिटारसाठी घरगुती सस्टेनर



आजचा भाग इलेक्ट्रिक गिटारबद्दल आहे, पण गिटार शिकवायला मी बसलेलो नाही. मला ती जेमतेम वाजवता येते. मी सिग्नल्सचा माणूस. तारा, बॅटऱ्या आणि खरखर यांतच नोकरी गेली. आजचा विषय त्याच घरातला आहे : गिटारचा स्वर विझू न देणारं एक छोटं यंत्र, ज्याला सस्टेनर म्हणतात, ते घरी कसं करायचं आणि मुख्य म्हणजे ते का चालतं.

आधी हे करायची वेळ का आली ते सांगतो. माझ्या जुन्या युनिटमध्ये शिलाँगकडचा एक हवालदार होता. बडाखान्याच्या रात्री गिटार त्याच्याच हातात असायची. निवृत्तीनंतर गाडीच्या अपघातात त्याचा उजवा हात कोपराखाली जायबंदी झाला. बोटं हलतात, पण नखी धरून तार छेडण्याचा जोर राहिला नाही. डावा हात मात्र पूर्वीसारखाच चपळ. एकदा फोनवर हसत म्हणाला, "साब, दाहिना हाथ लंबी छुट्टी पे है." मी पण हसलो. फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना. उजव्या हाताचं काम विजेला देता येईल का, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

आता मूळ अडचण बघू. सारंगीला, व्हायोलिनला गज असतो. पेटीला भाता असतो, बासरीला फुंकर. जोवर गज फिरतो तोवर तारेला ऊर्जा मिळत राहते आणि स्वर टिकतो. सतार, सरोद, गिटार यांचं तसं नाही. एका आघातात जेवढी ऊर्जा दिली तेवढ्यावरच त्यांनी गुजराण करायची. हवा, लाकूड आणि तारेचं स्वतःचं घर्षण ती ऊर्जा खात जातात आणि काही सेकंदांत स्वर विझतो. म्हणजे गिटारला हवा आहे गज. विजेचा गज.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत ग्रेग हीट यांनी १९६९ मध्ये असं यंत्र शोधलं आणि १९७६ मध्ये ते 'ईबो' या नावानं बाजारात आलं. बो म्हणजे गजच. मुठीत मावणारी ही डबी तारेवर धरली की ती तार वाजतच राहते. पुढे कॅनडाच्या मायकेल ब्रूक यांनी हीच करामत गिटारच्या आत बसवली आणि तिला 'इन्फिनिट गिटार' म्हटलं. यू-टू या बँडचं १९८७ चं 'विथ ऑर विदाउट यू' ऐकलं असेल, तर त्यातला तो लांबच लांब तरंगणारा स्वर याच गिटारचा.

ईबो विकत घेऊन पाठवणं सोपं होतं. पण ती डबी उजव्या हातात धरावी लागते, एका वेळी एकाच तारेवर चालते आणि तार बदलली की सरकवावी लागते. आमच्या हवालदाराचा उजवा हातच सुट्टीवर. म्हणून सहाही तारांखाली कायमचं बसलेलं यंत्र हवं होतं.

तत्त्व अगदी साधं आहे. झोक्यावर बसलेल्या मुलाला आपण धक्का देतो तेव्हा काय करतो? झोका मागे येऊन पुढे निघाला की हलकंच ढकलतो. वेळ साधली तर दोन बोटांच्या जोरावर झोका तासभर चालतो. वेळ चुकली, झोका आपल्याकडे येत असतानाच ढकललं, तर तो थांबतो. जोरापेक्षा वेळ महत्त्वाची.

गिटारमध्ये ही वेळ तारच सांगते. ब्रिजजवळचा पिकअप तारेचं कंपन ऐकून त्याची वीज करतो. ती वीज छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून मोठी करायची आणि मानेजवळ, तारांखाली बसवलेल्या दुसऱ्या कॉइलला द्यायची. ही कॉइल म्हणजे ड्रायव्हर. ती विजेचं चुंबकत्व करते आणि पोलादी तारेला तिच्याच तालात ओढते. तार पिकअपला सांगते, पिकअप अ‍ॅम्प्लिफायरला, अ‍ॅम्प्लिफायर ड्रायव्हरला आणि ड्रायव्हर पुन्हा तारेला. वर्तुळ पूर्ण. नायलॉनच्या तारांवर हे चालणार नाही, कारण चुंबक नायलॉनला ओढत नाही.

आता ड्रायव्हर. सगळं यश इथे आहे. पहिला मोह असा होतो की गिटारमधला एखादा पिकअपच उलटा वापरावा. तो चालत नाही. पिकअपमध्ये केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात आणि त्याचा रोध सहा-सात हजार ओहम. नऊ व्होल्टच्या बॅटरीनं त्यात ढकलून ढकलून किती प्रवाह जाणार? शिवाय इतके वेढे असले की प्रवाह व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो आणि वरच्या स्वरांना धक्क्याची वेळ चुकते. म्हणून ड्रायव्हर हवा जाड तारेचा, थोड्या वेढ्यांचा, सुमारे ८ ओहमचा, म्हणजे साध्या स्पीकरएवढा.

मी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून ३६ गेजची एनॅमलची तांब्याची तार आणली. ती साधारण ०.१९ मिलिमीटर जाडीची असते आणि मीटरला अंदाजे ०.६ ओहम भरते. म्हणजे ८ ओहमसाठी चौदा मीटरच्या आसपास. गाभ्याला ३ मिलिमीटर जाडीची, सहाही तारांखाली पुरेल एवढी लांब लोखंडी पट्टी. तिच्या वरच्या कडेला फक्त ३ मिलिमीटर उंचीच्या जागेत सगळे वेढे. गुंडाळी जितकी तारांजवळ आणि आखूड, तितकी ओढ नेमकी. शंभराच्या पुढेमागे वेढे होतात, पण वेढे मोजत बसू नका, मीटर लावून ओहम मोजा. गुंडाळताना प्रत्येक थराला पातळ फेव्हिकॉल लावा आणि दोन दिवस वाळू द्या. सैल वेढा स्वतःच थरथरतो आणि नंतर शिटी मारतो.

पट्टीच्या खाली कायमचं चुंबक चिकटवायला विसरू नका. मी विसरलो होतो. कारण समजून घ्या. नुसतं विद्युतचुंबक लोखंडाला नेहमी ओढतंच, प्रवाह इकडून गेला काय आणि तिकडून गेला काय. म्हणजे एका आवर्तनात दोनदा ओढ. ११० हर्ट्झ दिले तर तारेला झटके २२० चे. खाली कायमचं चुंबक असलं की एक सततची ओढ आधीच असते. प्रवाह एका दिशेनं तीत भर घालतो, दुसऱ्या दिशेनं ती कमी करतो. मग कुठे झटका आणि स्वर यांचा ताल जुळतो.

सर्किट दोन चिपांचं आहे. पुढे टीएल०७२, मागे एलएम३८६. दोन्ही कोणत्याही शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत मिळतात. पिकअप सरळ एलएम३८६ ला जोडला तर त्याच्यावर भार पडतो आणि गिटारचा आवाज दबतो. म्हणून मध्ये टीएल०७२. त्याच्या इनपुटला १ मेगाओहमचा रोध, दुसरं टोक बॅटरीच्या निम्म्या व्होल्टेजला, जे १० किलोओहमच्या दोन रोधांनी मिळतं. वाढ फक्त दुप्पट-तिप्पट ठेवा. तिथून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग १० किलोओहमचा पॉट, मग एलएम३८६ चा तीन नंबरचा पाय. दोन आणि चार जमिनीला, सहाला ९ व्होल्ट आणि त्याच्या अगदी जवळून जमिनीला १०० मायक्रोफॅरड. एक आणि आठ मोकळे सोडा, म्हणजे वाढ वीसपट राहते. तेवढी पुरते. पाच नंबरच्या पायापासून जमिनीकडे ४७ नॅनोफॅरड आणि १० ओहम एकापाठी एक लावा, नाहीतर चिप आपल्या मनानं गुणगुणू लागते. त्याच पायावरून एका कपॅसिटरमधून ड्रायव्हरला.

हा शेवटचा कपॅसिटर नेहमीच्या नकाशांत २२० मायक्रोफॅरडचा दाखवतात. हिशेब करून बघा. ८ ओहमबरोबर तो ९० हर्ट्झच्या आसपासच कापायला लागतो आणि गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर असते. मी ४७० लावला आणि जाड तार जागी झाली.

फौजेची एक सवय इथे कामी येते : सगळं जोडून मग बटण दाबायचं नाही, एकेक टप्पा तपासायचा. जुन्या मोबाइलवरून ११० हर्ट्झचा स्वर अ‍ॅम्प्लिफायरला दिला आणि ड्रायव्हर हातानं जाड बाजूच्या दुसऱ्या तारेजवळ नेला. ही तारही ११० हर्ट्झलाच लावलेली असते. हात न लावता ती थरथरू लागली! शेजारच्या तारा मात्र जवळपास गप्प. एवढं दिसलं की ड्रायव्हर पास.

मग सगळं जोडलं आणि कानठळ्या बसवणारी शिटी आली. माझे तीन आठवडे या शिटीत गेले.

कारण आमच्या धंद्यातलं जुनंच होतं. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच तंबूत ठेवले तर दुसरं काय होणार? ड्रायव्हरचं चुंबकत्व तारेला न विचारता थेट पिकअपमध्ये शिरत होतं. वर्तुळ पूर्ण होत होतं, पण तारेला वगळून. टिकलेला स्वर आणि शिटी, दोन्ही एकाच आईची लेकरं. वर्तुळ तारेतून गेलं की संगीत, तारेला चुकवून गेलं की बोंब. त्यामुळे यंत्राची ताकद वाढवणं हा उपाय नव्हे, आडवाट बंद करणं हा उपाय.

आडवाटा मी अशा बंद केल्या. ड्रायव्हर मानेकडे जितका सरकेल तितका सरकवला. मधल्या पिकअपच्या दोन्ही तारा सोडवल्या, कारण नुसता स्विचनं बंद केलेला पिकअपही वाटेतला हेर असतो. ड्रायव्हरच्या दोन तारा एकमेकींत पीळ देऊन नेल्या आणि पिकअपच्या तारेपासून लांब ठेवल्या. जमिनीच्या सगळ्या तारा एकाच बिंदूला आणल्या. आणि पॉट कमी ठेवला. शिटी जिथे सुरू होते त्याच्या थोडं अलीकडे थांबायचं.

त्यानंतरही तार वाजण्याऐवजी लगेच मरत असेल तर घाबरू नका. धक्का उलट्या वेळी बसतोय. ड्रायव्हरच्या दोन तारा अदलाबदल करा. गंमत म्हणजे ती उलटी जोडणीही वाया जात नाही. तिच्यात मूळ स्वर दबतो आणि त्याच्या वरचा एखादा स्वर हळूच उमलून येतो, कारण पिकअप आणि ड्रायव्हर तारेच्या वेगवेगळ्या जागी आहेत आणि काही उपस्वरांसाठी त्या दोन जागा एकमेकींच्या उलट हलतात. मी एक छोटा स्विच लावून दोन्ही सोयी ठेवल्या.

एक गोष्ट मला पूर्ण जमली नाही, तीही सांगतो. सर्वांत बारीक तारेत पोलाद कमी, म्हणून तिच्यावर ओढही कमी. ड्रायव्हरची ती बाजू थोडी उचलून बसवली तेव्हा ती बरी चालू लागली, तरी तिचा स्वर उठायला बाकीच्यांपेक्षा वेळ लागतो.

वीज फक्त ९ व्होल्टच्या बॅटरीची. वाजवताना प्रवाह बराच जातो, तेव्हा बॅटरी काही तासांचीच समजा आणि वाजवून झालं की स्विच बंद करा. भिंतीतल्या विजेशी खेळ नको. गिटार अंगाला लागलेली असते.

हवालदाराची गिटार एका सुट्टीवरच्या जवानाबरोबर महूला माझ्याकडे आली आणि तशीच परत गेली. आठवड्यानं व्हिडिओ कॉल आला. उजवा हात मांडीवर ठेवलेला. डाव्या हाताच्या बोटानं त्यानं तार फ्रेटवर नुसती आपटली. आधी बारीक आवाज, मग स्वर भरत गेला आणि थांबला. थांबला म्हणजे विझला नाही, टिकून राहिला. त्यानं बोट सरकवलं, स्वरही सरकला. जुनी वेगवान वाजवणी यात होत नाही, झणझणीत कॉर्ड वाजत नाहीत. संथ, गळ्यासारखं वाजवावं लागतं. तो म्हणाला, "साब, ये तो नया बाजा है, सीखना पड़ेगा." खरं आहे. हरवलेला हात यंत्र परत देत नाही. उरलेल्या हाताला काम देतं.

करून बघणार असाल तर स्वस्त, जुन्या गिटारवर करा, आणि शिटी आली की रागावू नका. आधी शोधा, ती कोणत्या वाटेनं आली.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.