पुड्याची मागची बाजू वाचा

बिस्किटाच्या पुड्यावर गव्हाची ओंबी आणि ‘मल्टिग्रेन’ हा शब्द दिसला, की आत भरपूर नाचणी-ज्वारी असणार असं आपण धरून चालतो. पण ‘मल्टिग्रेन’ म्हणजे एकाहून अधिक धान्यं, एवढंच. कुठलं धान्य किती, ते मागच्या बाजूला घटकांच्या यादीत कळतं. कायद्यानुसार ही यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. पहिलं नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल, तर तो मैदाच. आणि नाचणी मिठाच्या शेजारी येत असेल, तर ती केवळ नावापुरती आहे. ‘ब्राऊन ब्रेड’चंही तसंच. तो तपकिरी रंग कॅरॅमलचा असू शकतो, म्हणून तिथेही यादी वाचावी.

‘शुगर फ्री’ हा शब्द मला सर्वांत घातक वाटतो, कारण मधुमेह असलेली माणसं त्यावर विसंबतात. नियमाप्रमाणे त्याचा अर्थ १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नाही, इतकाच. अशा बिस्किटात बहुधा मैदा असतो आणि पोटात गेल्यावर त्याचंही ग्लुकोजच होतं. म्हणून ‘शुगर’बरोबर ‘कार्बोहायड्रेट’चाही आकडा बघायला हवा. ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेल्या फळांच्या रसात वरून साखर घातलेली नसते, पण फळाची स्वतःची असतेच.

रसाबद्दल आणखी एक. घट्ट अर्कात पाणी मिसळून केलेल्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असं छापलं जाई. जून २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, तो दावा काढायला सांगितलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दूध, धान्य किंवा माल्ट यांपासून केलेली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नका, असंही ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं. ‘हेल्थ ड्रिंक’ची व्याख्याच आपल्या अन्न कायद्यात नाही. मुलांच्या वाढीच्या काळजीपोटी आईबाप असे डबे घेत आले, म्हणून हे जास्त लागतं.

शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांच्या तेलावरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ खरं आहे, पण त्यात त्या कंपनीचं कर्तृत्व नाही. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचं सांगतो, पौष्टिक असल्याचं नाही. ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणजे आइस्क्रीम नव्हे. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरता येतं. एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक हा व्यवसायाचा परवाना आहे, पदार्थ आरोग्याला चांगला असल्याचं प्रशस्तिपत्र नव्हे.

पुढच्या वेळी किराणा भरताना पुडा उलटा करा आणि यादीतली निदान पहिली तीन नावं वाचा.