'नाही' म्हणणाऱ्या देशाचा 'होय'

जनतेने कौल दिला, असे म्हटले की सगळ्यांची तोंडे बंद होतात. पण प्रश्न कोणी विचारला आणि 'नाही' म्हणायची मुभा होती का, हे कोणी पाहत नाही. म्हणूनच पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशाची कहाणी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२८ सप्टेंबर १९५८ रोजी फ्रान्सच्या द गॉल यांनी आपल्या वसाहतींपुढे नवी राज्यघटना मतदानाला टाकली. आफ्रिकेतील त्या सर्व वसाहतींपैकी एकट्या गिनीने 'नाही' म्हटले, तेही ९० टक्क्यांहून अधिक मतांनी! २ ऑक्टोबरला गिनी स्वतंत्र झाला. चिडलेल्या फ्रान्सने आपले अधिकारी माघारी नेले, मदत तोडली; पण गरीब गिनी झुकला नाही.

दुर्दैव असे की, हा नकार घडविणाऱ्या सेकू तुरे यांनीच पुढे एकपक्षीय राजवट लादली आणि विरोधकांना तुरुंगात सडविले. १९८४ मध्ये ते वारले आणि लष्कराने सत्ता बळकावली. सत्तेवर आलेल्या लान्साना काँते यांनी नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वमत घेऊन दोनच कार्यकाळांचे बंधन उडविले, मुदत पाचावरून सात वर्षे केली. २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी खुर्ची सोडली नाही.

या अनुभवातून २०१० च्या राज्यघटनेत नवी तरतूद आली. कार्यकाळाची मुदत आणि मर्यादा यांना दुरुस्तीचा हातच लावता येणार नाही! मग राष्ट्राध्यक्ष अल्फा काँदे यांनी काय केले? कलम बदलता येत नाही म्हणून राज्यघटनाच बदलली. रस्त्यावर उतरलेल्या आंदोलकांचे बळी गेले, विरोधकांनी बहिष्कार टाकला. तरी मार्च २०२० मध्ये सार्वमत झाले आणि त्याच वर्षी काँदे तिसऱ्यांदा निवडून आले.

५ सप्टेंबर २०२१ रोजी कर्नल ममादी दुंबुया यांनी त्यांना उलथविले. संक्रमणकाळाच्या सनदेत लिहून दिले की, लष्करी राजवटीचे सदस्य निवडणूक लढविणार नाहीत. पुढे निदर्शनांवर बंदी आली, प्रमुख विरोधी पक्ष निलंबित झाले. २१ सप्टेंबर २०२५ रोजी पुन्हा सार्वमत! ८९ टक्क्यांहून अधिक 'होय'. पुन्हा सात वर्षांची मुदत, आणि दुंबुयांना उमेदवारीची वाट मोकळी. डिसेंबर २०२५ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

आम्ही सार्वमताच्या विरोधात नाही. १९५८ चा नकारही सार्वमतातूनच आला होता. पण ज्या मतपेटीत 'नाही' टाकणाऱ्याला सभा घेता येत नाही, पक्ष चालविता येत नाही, तिच्यातून निघणारा 'होय' हा जनतेचा कौल कसा? तो सत्ताधाऱ्याने स्वतःच स्वतःला दिलेला दाखला होय.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इशारा दिला होता की, राजकारणातील विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे. कितीही थोर माणूस असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नये. गिनीत माणसे बदलली, गणवेश बदलले, राज्यघटना बदलल्या. खुर्चीची हाव तेवढी बदलली नाही. गिनीच्या जनतेला एकदा 'नाही' म्हणता आले होते. तो अधिकार तिला परत मिळाल्याशिवाय कोणतीही राज्यघटना तिची होणार नाही, हे आम्ही ठामपणे सांगतो.