हृदयाचे दुखणे आणि कायद्याची यादी

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात, आलापल्लीपासून सुमारे साठ किलोमीटर आत दाट जंगलात हेमलकसा वसले आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंड बांधवांसाठी आपले आयुष्य वेचले. २००८ साली या दांपत्याच्या कार्याचा रेमन मॅगसेसे पुरस्काराने गौरव झाला. आरंभीच्या काळात दवाखान्यात येणारे रुग्ण हिवतापाचे, सर्पदंशाचे, अस्वलाच्या हल्ल्यात जखमी झालेले असत. हृदयविकार हे शहरातील बैठ्या व सुखवस्तू लोकांचे दुखणे, असाच तेव्हा सर्वसाधारण समज होता.

हा समज आता टिकण्यासारखा नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात हे आढळले. सुमारे सात मृत्यूंमागे एक मृत्यू त्याचा होता. पक्षाघात मेंदूत प्रकट होत असला तरी त्याची मुळे बहुधा उच्च रक्तदाबात, रक्तवाहिन्यांत आणि हृदयात असतात. शिवाय बालपणी घशाच्या जंतुसंसर्गाकडे दुर्लक्ष झाल्यास संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. असा रुग्ण तरुणपणीच चार पावले चालून धापा टाकू लागतो. शेती, मोहफुले आणि तेंदूपाने यांवर ज्या घराची चूल चालते, त्या घरातील कर्त्या माणसाचा श्वास पुरेनासा झाला की सारे घरच थांबते.

अशा वेळी गावातील एखादा जाणता माणूस सुचवतो, “दिव्यांगाचा दाखला काढा, पेन्शन सुरू होईल.” सल्ला आपुलकीचा असतो, पण त्यापायी रुग्णाची दीडशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या गडचिरोलीची फेरी अनेकदा व्यर्थ जाते.

यादीत काय आहे, काय नाही

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते; नव्या कायद्यात ते २१ झाले. दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, बौद्धिक व मानसिक अवस्था, काही मज्जासंस्थेचे विकार आणि रक्ताचे तीन विकार, म्हणजे थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल, यांचा त्यात समावेश आहे. हृदयविकाराचा मात्र त्यात उल्लेख नाही. बायपास झालेली असो, झडप बदललेली असो वा हृदयाची पंपिंग क्षमता अर्ध्यावर आलेली असो, केवळ त्या आधारावर दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरत नाही. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट असते. येथे तर मोजमापच होत नाही.

यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. खराब झडपेमुळे हृदयात रक्ताची गुठळी झाली, ती मेंदूत गेली आणि एक हात-पाय लुळा पडला, तर तोच रुग्ण हालचालीच्या दिव्यांगत्वासाठी पात्र ठरू शकतो. गुठळी होण्यापूर्वी तो तितकाच असहाय असला तरी कायद्याच्या लेखी तो दिव्यांग नसतो.

सर्वच देशांत असे नाही. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्याच्या निकषांत हृदयविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे प्रकृती स्थिर असतानाही पंपिंग क्षमता ३० टक्के किंवा त्याहून कमी असणे ही पात्रतेची एक कसोटी मानली जाते. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात सर्वसाधारणपणे रोगाच्या नावापेक्षा दैनंदिन जीवनावर होणारा दीर्घकालीन परिणाम पाहिला जातो. आपल्या कायद्यातही केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे नवे प्रकार जोडण्याची तरतूद आहे. मागणी करायची असल्यास तिला तेथे आधार मिळू शकतो.

सिकलसेल : रक्ताच्या वाटेने

विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल हा मोठा प्रश्न आहे. दीर्घकाळच्या रक्तक्षयामुळे हृदयावर ताण येतो, ते मोठे होते आणि फुप्फुसांतील रक्तदाब वाढू शकतो. म्हणून धाप लागणाऱ्या तरुण रुग्णाची सिकलसेल तपासणी झालेली आहे का, हे आधी विचारावे. प्रत्यक्ष आजार असणाऱ्याला दिव्यांगत्वाचा दाखला मिळू शकतो. केवळ वाहक असणाऱ्याला तो मिळत नाही. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षणाचा लाभ घेता येतो. शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षणात मात्र रक्तविकारांचा अंतर्भाव नाही. महाराष्ट्रात सिकलसेलग्रस्तांना एसटीच्या साध्या बसने प्रवासाची सवलतही आहे.

हृदयरुग्णासाठी उघडी असलेली दारे

हृदयविकाराच्या बाबतीत शासनाची मदत दाखल्यापेक्षा उपचारांच्या रूपाने अधिक येते. २ जुलै २०१२ रोजी राज्यात ज्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. तीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. पुढे तिची मर्यादा प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपये करण्यात आली आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली. अँजिओप्लास्टी, बायपास, झडपेची शस्त्रक्रिया असे उपचार संलग्न रुग्णालयांत या योजनेतून होतात. तेथे बसणारे ‘आरोग्यमित्र’ कागदपत्रांचे काम पाहतात. रुग्णालयात जाताच प्रथम त्यांना भेटावे.

जन्मतः हृदयदोष असलेल्या किंवा झडपांचा विकार झालेल्या १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुलांची तपासणी करतात आणि पुढील उपचारांची व्यवस्था होते.

प्रवासाचा खर्च हाही लहान नसतो. हेमलकसा ते नागपूर हे अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की नदीपलीकडील भामरागडचा संपर्कच तुटतो. रेल्वेच्या नियमांत हृदयरुग्णाची दखल आहे : हृदय शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या रुग्णास व त्याच्या एका सोबत्यास शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

चरितार्थाचा प्रश्न मात्र उरतोच. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत क्षय, पक्षाघात, कर्करोग, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारांमुळे कमाई करू न शकणाऱ्या ६५ वर्षांखालील व्यक्तींचा विचार होतो. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा २१,००० रुपये आहे. हृदयविकाराचे नाव तेथेही ठळकपणे नाही. पण ‘यांसारख्या’ या शब्दाला जागा आहे. रुग्ण श्रम करण्यास असमर्थ आहे, असे शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचे स्पष्ट प्रमाणपत्र जोडून तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. प्रमाणपत्रात केवळ रोगाचे नाव न लिहिता, रुग्ण किती चालू शकतो, किती ओझे उचलू शकतो, हे नमूद करून घ्यावे.

पेढीवरील माणसासाठी

व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने येथे एक कर्तव्य आहे. दुकानातील, गोदामातील, कारखान्यातील कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत येत असेल, तर हृदयविकार तेथे परका नाही. त्या योजनेच्या दीर्घकालीन आजारांच्या यादीत हृदय निकामी होणे, झडपांचे गुंतागुंतीचे विकार, हृदयस्नायूंचे विकार यांचा समावेश आहे. दोन वर्षे विमाधारक असलेल्या व पुरेशी वर्गणी भरलेल्या कामगारास सरासरी वेतनाच्या ८० टक्के दराने वाढीव आजारलाभ मिळतो, आणि तो कमाल दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. वर्गणी नियमित न भरल्यास हा हक्क बुडतो आणि त्याची झळ आजारी माणसाच्या घराला बसते. म्हणून कोणाची नोंद राहिली आहे, कोणाची वर्गणी थकली आहे, हे मालकाने वर्षातून एकदा तरी स्वतः तपासावे.

व्यापाऱ्याला स्वतःला असे कवच नसते. प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत दिव्यांगासाठी ७५,००० रुपयांची आणि ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे; पण तिलाही दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. गंभीर आजारांच्या खर्चासाठी असलेल्या वेगळ्या वजावटीच्या यादीत कर्करोग व मूत्रपिंड निकामी होणे आहे, हृदयविकार नाही. त्यामुळे आरोग्यविमा प्रकृती चांगली असतानाच घेऊन ठेवणे, हाच व्यवहारी मार्ग उरतो.

ज्या विश्वस्त संस्थांची रुग्णालये आहेत त्यांच्यावर आणखी एक दायित्व आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे. जंगलातून आलेल्या रुग्णाला हे ठाऊक नसते, आणि मराठीत नीट अर्ज लिहिणेही त्याला अवघड जाते. कारण त्याची मातृभाषा माडिया आहे. शिधापत्रिका, आधार, तपासण्यांचे जुने अहवाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत नीट लावून योग्य खिडकीपाशी त्याच्यासोबत उभे राहणारा माणूस भेटला, तर त्याची एक फेरी वाचते. हेमलकशाहून निघालेल्या माणसाची एक फेरी म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी, आणि आजारी हृदयाला झालेला तेवढ्या प्रवासाचा शीण.