मृदुफळांचे निर्जलीकरण

द्राक्ष, स्ट्रॉबेरी, करवंद, तुती, रसभरी यांसारख्या मऊ व रसाळ फळांतील बहुतांश पाणी नियंत्रित उष्णता व हवेचा प्रवाह यांच्या साहाय्याने काढून टाकून ती टिकविण्याची प्रक्रिया. फळे उन्हात पसरून सुकविण्याच्या जुन्या रीतीस ‘वाळवण’ म्हणतात. तापमान, हवेचा वेग व आर्द्रता ही ताब्यात ठेवून तेच कार्य यंत्राने केले, तर त्यास ‘निर्जलीकरण’ ही संज्ञा लावतात. दोहोंमागील तत्त्व एकच असले, तरी वेळ, स्वच्छता आणि मालाची प्रत यांबाबत त्यांत बराच फरक पडतो.

वनस्पतिशास्त्रदृष्ट्या मृदुफळ म्हणजे एका किंजपुटापासून बनलेले व सर्वांगी मगजयुक्त असलेले फळ होय. या व्याख्येनुसार द्राक्ष, करवंद व रसभरी ही खरी मृदुफळे आहेत. स्ट्रॉबेरीतील खाद्य भाग हा फुगलेले पुष्पासन असून तिच्या पृष्ठभागावरील बारीक ‘बिया’ ही प्रत्यक्षात तिची कृत्स्नफळे होत. तुती हे संयुक्त फळ आहे. व्यवहारात व पाकशास्त्रात मात्र या सर्वांचा एकाच गटात समावेश करतात, कारण ती सर्व काढणीनंतर लवकर नासतात. पिकलेली स्ट्रॉबेरी उन्हाळ्यातील नेहमीच्या तापमानात एकदोन दिवसांपेक्षा अधिक टिकत नाही.

सातारा व सांगली : या दोन शेजारी जिल्ह्यांत मृदुफळे वाळविण्याच्या प्रश्नाची दोन भिन्न रूपे दिसतात. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर सु. १,३७० मी. उंचीवर असलेल्या महाबळेश्वर व त्यालगतच्या पाचगणी, भिलार इ. परिसरात स्ट्रॉबेरी पिकते. हे पीक तेथे ब्रिटिश अमदानीत आले. ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’स २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. फळांचा हंगाम साधारणतः नोव्हेंबरअखेरपासून एप्रिल-मेपर्यंत चालतो. हंगामाच्या शेवटी उन्हाने फळ लहान व मऊ होते, दूरच्या बाजारपेठेपर्यंत ते टिकत नाही व भाव उतरतो. त्याच सुमारास डोंगरउतारांवरील करवंदे व जांभळेही पिकतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत हवा दमट होऊन पावसाला आरंभ होतो. म्हणजे फळ विपुल असते तेव्हा उन्हात वाळविण्यास अवधी अपुरा पडतो.

सांगली जिल्ह्याचा पूर्वभाग याउलट पर्जन्यछायेत येतो. तासगाव, कवठे महांकाळ, मिरज व जत या तालुक्यांत फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हवा उष्ण व कोरडी असते. यामुळेच येथे बेदाण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. ‘सांगली बेदाणा’ यास २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. ‘बेदाणा’ हा शब्द फार्सी असून त्याचा अर्थ ‘बी नसलेला’ असा आहे. थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून तासगाव तालुक्यात निवडलेली तास-ए-गणेश या वाणांची द्राक्षे त्यासाठी वापरतात. घड सु. २·५% पोटॅशियम कार्बोनेट व १·५% एथिल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवून छपराखाली एकावर एक बसविलेल्या जाळीच्या थरांवर पसरतात. द्राक्षाच्या सालीवरील मेणाचा थर पाणी आत कोंडून ठेवतो. या द्रावणामुळे त्या थराची रचना बदलून पाण्यास वाट मिळते आणि साधारणतः दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. ही कल्पना फार जुनी आहे : इ. स. पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कॉल्यूमेला याने राखेचे क्षारयुक्त पाणी व तेल यांच्या मिश्रणात द्राक्षे बुडविण्याची रीत नोंदविली आहे. छपरामुळे थेट ऊन टळून बेदाण्याचा हिरवट रंग टिकतो. परंतु वाळवणीच्या काळात अवकाळी पाऊस आला व हवा दमट राहिली, तर माल काळवंडतो, चिकट होतो आणि त्याचे मोल उतरते. हवामानावरील हे अवलंबन हीच नैसर्गिक वाळवणीची मुख्य मर्यादा होय.

तत्त्व : फळ नासविणाऱ्या सूक्ष्मजीवांना केवळ पाणी नव्हे, तर त्यांना वापरता येईल असे मोकळे पाणी लागते. त्याचे मान ‘जलक्रियाशीलता’ या राशीने दर्शवितात; शुद्ध पाण्यासाठी ती १ असते. बहुतेक सूक्ष्मजंतूंची वाढ ०·९१ च्या खाली, नेहमीच्या किण्वांची (यीस्टची) ०·८८ च्या खाली व बहुतेक बुरशींची ०·८० च्या खाली थांबते, सु. ०·६ च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. पाणी कमी होत जाते तशी फळातील साखर व अम्ले यांची संहती वाढते आणि उरलेले पाणी त्यांच्याशी निगडित राहते. म्हणूनच बेदाण्यात सु. १५% पाणी असूनही तो टिकतो. मात्र वाळविल्याने सूक्ष्मजीव मरतातच असे नाही. त्यांची वाढ फक्त थांबते. वाळलेले फळ पुन्हा ओलसर झाले की, ते पूर्ववत वाढू लागतात. त्यामुळे आरंभीची स्वच्छता व नंतरची साठवण यांना यंत्राइतकेच महत्त्व आहे.

यंत्र : घरगुती निर्जलकात विजेवर तापणारी तार, पंखा, तापमान-नियंत्रक व जाळीदार तबके असतात. हवा तापविली की, तिची सापेक्ष आर्द्रता झपाट्याने उतरते. उदा., २५° से. तापमानाची व ७०% सापेक्ष आर्द्रतेची हवा ६०° से. पर्यंत तापविल्यास तिची सापेक्ष आर्द्रता सु. ११% होते, पावसाळ्यातील २४° से. व ९५% आर्द्रतेची हवाही तशीच तापविल्यास सु. १४% वर येते. त्यामुळे महाबळेश्वरासारख्या ठिकाणी ऐन पावसातही यंत्राने फळ वाळविता येते. मात्र यंत्रातील दमट हवा बाहेर जाण्यास वाट व खोलीत वायुवीजन असणे आवश्यक असते. बंद खोलीत तीच हवा पुन्हा आत घेतली गेल्यास वाळवणी मंदावते.

पूर्वतयारी : फळ पूर्ण पिकलेले पण टणक असावे. अर्धपक्व फळ वाळल्यावर आंबट व निस्तेज होते, तर अतिपक्व फळ तबकास चिकटते. नासलेली व बुरशी आलेली फळे निवडून टाकतात. केवळ आकाराने लहान किंवा वेडीवाकडी फळे वाळविण्यास चालतात. फळे वाहत्या पाण्याने धुतल्यावर देठ काढतात. आधी देठ काढून धुतल्यास स्ट्रॉबेरी पाणी शोषून घेते. स्ट्रॉबेरीचे ६ ते १० मिमी. जाडीचे एकसारखे काप करतात. कापांवर लिंबाचा रस मिसळलेले पाणी शिंपडल्यास रंग पुष्कळसा टिकतो. द्राक्ष, करवंद व रसभरी यांची साल मेणचट असल्याने ती अखंड वाळविताना उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट बुडवून लगेच थंड पाण्यात टाकतात. त्यायोगे सालीस सूक्ष्म चिरा पडतात. फळे अर्धी चिरल्यासही हाच हेतू साध्य होतो. जांभळाचा गर बीपासून सोडवून, आंबापोळीप्रमाणे पातळ थर देऊन त्याची पोळी वाळविणे सोयीचे असते. मऊ पडलेल्या स्ट्रॉबेरीसाठीही हाच मार्ग योग्य ठरतो.

वाळवणी : तबकांवर काप एकेरी थरात, एकमेकांस न टेकतील असे मांडतात व तापमान ५७° ते ६०° से. ठेवतात. घाईने याहून फार अधिक उष्णता दिल्यास पृष्ठभाग आधीच वाळून कठीण होतो व आतील ओलावा कोंडला जातो. या दोषास ‘पृष्ठकाठिण्य’ म्हणतात. असे फळ हातास कोरडे लागते, परंतु साठवणीत आतून बुरसते. तापमान फार कमी ठेवल्यास फळ वाळण्यापूर्वीच आंबू लागते. स्ट्रॉबेरीच्या कापांस सामान्यतः ८ ते १५ तास, तर अखंड द्राक्षांस एक दिवस किंवा अधिक काळ लागतो. मधूनमधून तबकांची अदलाबदल करतात.

फळ पुरेसे वाळले की नाही हे ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे वजन. स्ट्रॉबेरीत सु. ९१% पाणी असते. म्हणजे १ किग्रॅ. कापांत घन पदार्थ सु. ९० ग्रॅ. असतात. अखेरचा ओलावा १५% हवा असल्यास तयार मालाचे वजन ९० ÷ ०·८५, म्हणजे सु. १०६ ग्रॅ. भरले पाहिजे. याच रीतीने ७८% पाणी असलेल्या १ किग्रॅ. द्राक्षांपासून १६% ओलाव्याचा बेदाणा सु. २६० ग्रॅ. मिळतो, सु. ४ किग्रॅ. द्राक्षांचा १ किग्रॅ. बेदाणा होतो, हा व्यवसायातील हिशेब यावरून समजतो. वजनकाटा नसल्यास काही काप पूर्ण थंड करून दाबून पाहतात. रस सुटू नये व काप एकमेकांस चिकटू नयेत. गरम असताना फळ अधिक मऊ लागत असल्याने गरम कापांवरून अंदाज करणे चुकीचे ठरते.

वरील उदाहरणात सु. ८९४ ग्रॅ. पाण्याची वाफ करण्यास सैद्धांतिक दृष्ट्या सु. ०·६ युनिट वीज पुरते. तथापि ५०० वॉटचे यंत्र सलग दहा तास पूर्ण शक्तीने चालल्यास ५ युनिटे खर्च होतात, कारण बरीच उष्णता बाहेर टाकलेल्या हवेबरोबर जाते. यामुळे एकदोन तबके भरून यंत्र चालविण्यापेक्षा ते पूर्ण भरून चालविणे काटकसरीचे असते. स्वच्छ ऊन व कोरडी हवा असेल तेथे जाळीखाली झाकून केलेली वाळवणी अर्थातच स्वस्त पडते.

समतोलन व साठवण : एकाच खेपेतील सर्व तुकडे सारखे वाळत नाहीत. यासाठी थंड झालेले फळ काचेच्या बरणीत दोनतृतीयांशापर्यंत भरून, झाकण लावून ७ ते १० दिवस ठेवतात व रोज हलवितात. अधिक ओल्या तुकड्यांतील पाणी कोरड्या तुकड्यांत जाऊन सर्वत्र समान होते. या काळात बरणीच्या आतील बाजूस दव दिसल्यास फळ पुन्हा यंत्रात घालावे लागते. घरी करणाऱ्यांकडून हीच पायरी बहुधा गाळली जाते आणि पुढील नासाडीचे कारणही बहुधा हेच असते. उघड्यावर वाळविलेल्या फळांतील किड्यांची अंडी नष्ट करण्यासाठी ते −१८° से. तापमानात किमान ४८ तास ठेवतात. त्यानंतर हवाबंद बरण्या थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवतात. सु. १५° से. तापमानात वर्षभर टिकणारे फळ २७° से. च्या आसपास सु. सहा महिनेच चांगले राहते. म्हणून लहान बरण्या भरणे श्रेयस्कर. बुरशी दिसल्यास तेवढाच भाग काढून उरलेले फळ खाणे धोक्याचे असते. काही बुरशी ऑक्रॅटॉक्सिन-ए यासारखी विषे निर्माण करतात व ती डोळ्यांना दिसत नाहीत. अशी संपूर्ण बरणी टाकून द्यावी.

गंधकाचा वापर : बेदाण्यास पिवळा रंग यावा यासाठी बंद जागेत गंधक जाळून सल्फर डाय-ऑक्साइडाची धुरी देतात. या वायूने रंग व क जीवनसत्त्व टिकते, परंतु थायामीन (ब-१ जीवनसत्त्व) नष्ट होते. शिवाय दम्याच्या काही रुग्णांना त्याच्या अवशेषांमुळे त्रास होतो. हा वायू श्वसनमार्गास दाहक असल्याने घरात गंधक जाळणे सर्वथा टाळावे. घरी वाळविलेले फळ काहीसे काळपट दिसते; तो दोष नव्हे. याउलट अतितेजस्वी पिवळा रंग हे उत्तमपणाचे गमक मानण्याचेही कारण नाही.

पोषणमूल्य व उपयोग : निर्जलीकरणात तंतू, खनिजे व साखर कायम राहतात, उष्णता व हवा यांमुळे क जीवनसत्त्वाचा मात्र बराच ऱ्हास होतो. पाणी गेल्याने साखरेची संहती वाढते. यामुळे मधुमेही व्यक्तींनी प्रमाणाचे भान ठेवावे. बाजारातील पुष्कळशी वाळविलेली स्ट्रॉबेरी आधी साखरेच्या पाकात मुरविलेली असते. घरच्या फळात ही भर टाळता येते. वाळविलेली फळे तशीच, अथवा कोमट पाण्यात भिजवून खीर, शिरा, श्रीखंड, केक इत्यादींत वापरतात. भिजविलेले फळ ताज्याप्रमाणेच नाशवंत असल्याने ते लगेच संपविणे आवश्यक असते.