आमवात असताना पडलात तर

पावसाळ्यात मोरीची फरशी निसरडी होते. खेड्यागावात पडलेल्याला चटकन उचलून पाय चोळायला घेतात. माया खरी, पण आमवात म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या माणसाला ती महागात पडू शकते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सांधे सुजतात, भोवतालचे स्नायू झिजतात, तोल जातो. त्यात उपचारासाठी घेतलेलं स्टेरॉइड. 1948 साली डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन हे स्टेरॉइड पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णाला दिलं आणि 1950 मध्ये नोबेलचे वाटेकरी झाले. औषध गुणकारीच, पण दीर्घकाळ घेतल्यास नवं हाड घडवणाऱ्या पेशी मंदावतात. मग साध्या पडण्यानंही मनगट, खुबा किंवा मणका मोडू शकतो.

सूज आजाराची की मोडल्याची? आजार उसळला की बहुधा दोन्ही बाजूंचे अनेक सांधे धरतात. एकाच जागी दाबल्यावर कळ, पायावर भार टाकता न येणं, ही लक्षणं असतील तर एक्स-रे हवाच.

मानेची मला जास्त काळजी वाटते. जुन्या आमवातात मानेच्या वरच्या दोन मणक्यांना बांधणारे बंध सैल होऊ शकतात. पडल्यावर मान दुखली, हातांना मुंग्या आल्या, तर मान हलवू नका, रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. हाडवैद्याकडे अजिबात नको.

बाकी ठीक असेल तर कुशीवर वळून, मनगटांऐवजी कोपरांवर भार देत उठावं. स्टेरॉइडची गोळी मात्र घाबरून एकाएकी बंद करू नये. दीर्घकाळ गोळी घेतल्यावर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, अपुरं असतं.