कौल फुटते, मग हात का मोडतो?



पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका शाळेत मागे व्याख्यानासाठी गेलो होतो. पहिल्याच बाकावर नववीतला एक मुलगा उजव्या हाताला प्लास्टर घालून बसलेला. चौकशी केली तेव्हा कळले, की स्नेहसंमेलनात तायक्वांदोच्या वर्गातील मुलांनी कौले फोडून दाखविली. ते पाहून या पठ्ठ्याने घरी पडवीत कौल ठेवले आणि मूठ हाणली. कौल शाबूत राहिले. करंगळीच्या मागे तळहातात असते ते हाड मात्र मोडले.

"सर, कौल तसेच मंगलोरी होते. मग त्यांचेच कसे फुटले?"

माझे व्याख्यान बाजूला राहिले. मी विचारले, "कौल ठेवले कशावर होतेस?"

"जमिनीवर."

गोम नेमकी इथेच आहे. संमेलनात कौलाच्या दोन टोकांखाली विटा होत्या. मध्यावर आघात झाला, की असे कौल किंचित वाकते. वाकताना त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. भाजलेली माती किंवा काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताणापुढे लगेच हार खाते. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या जेमतेम दहावा हिस्सा असते. म्हणून तडा खालून सुरू होतो आणि वर येतो. जमिनीवर सपाट ठेवलेल्या कौलाला वाकायला जागाच नसते. नुसत्या दाबाने ते फोडायचे, तर हातोडाच हवा.

आत्ताच करून पाहा. दोन काडेपेट्यांवर खडूची दोन टोके टेकवून मध्ये बोटाने दाबा. खडू चटकन मोडेल. आता तोच खडू टेबलावर आडवा ठेवून दाबा. बोट दुखेल, खडू तसाच राहील.

आता हाताचे काय होते ते पाहू. मूठ आणि तिच्यामागचा हात मिळून 0.7 किलोग्रॅम वस्तुमान धरा आणि वेग सेकंदाला 6 मीटर. संवेग झाला 4.2 एकक. हात एका सेकंदाच्या 5 सहस्रांशांत थांबला, तर सरासरी बल 840 न्यूटन, म्हणजे सुमारे 85 किलोग्रॅमच्या माणसाचे वजन! कौल फुटले तर हात पुढे निघून जातो, संवेगाचा थोडाच भाग खर्ची पडतो. न फुटले तर सगळा संवेग तिथेच संपतो, शिवाय हात उलटा उसळतो. म्हणजे फसलेला फटका यशस्वी फटक्यापेक्षा जास्त लागतो. भीतीने ऐनवेळी हात आखडणाऱ्याला नेमकी हीच शिक्षा मिळते. त्यात या मुलाने मुठीच्या करंगळीकडच्या बाजूने मारले. शिकवलेले लोक तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरांनी मारतात. त्यांच्या मागची हाडे जाड असतात आणि मनगटाच्या सरळ रेषेत येतात.

मग मुलांनी एकेक प्रश्न काढायला सुरुवात केली. अंगात खूप ताकद लागते का? ताकदीपेक्षा वेग लागतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. 1979 साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कराटेच्या भौतिकशास्त्रावर एक लेख आला होता. त्यात लाकडी फळीसाठी सेकंदाला सुमारे 6 मीटर आणि काँक्रीटच्या लादीसाठी साडेदहा मीटरच्या आसपास वेग लागतो असे दाखविले होते. लेखकांपैकी एक रोनाल्ड मॅकनेअर. हा लेसरवर संशोधन करणारा भौतिकशास्त्रज्ञ स्वतः कराटेत काळा पट्टा मिळवलेला होता. पुढे तो अंतराळवीर झाला आणि 1986 मध्ये 'चॅलेंजर'च्या अपघातात गेला.

लाथ मारताना आधी गुडघा का दुमडायचा? फिरणाऱ्या वस्तूचे वस्तुमान आसाजवळ असले, की ती सहज फिरते. पाय सरळ ठेवून कमरेतून फिरवून पाहा, किती जड जातो! दुमडलेला पाय झटकन फिरतो आणि शेवटच्या क्षणी उलगडतो. तायक्वांदोत, विशेषतः सामन्यांत, पायाला फार महत्त्व आहे. 1955 साली कोरियात रूढ झालेल्या या नावातच 'ते' म्हणजे पायाचा आघात, 'क्वॉन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून या खेळाला पदके आहेत. पण तिथे सामने होतात, कौले फोडत नाहीत.

ओरडतात का? ओरडताना श्वास सुटतो आणि पोटाचे स्नायू आवळले जातात. लाकूड फोडणारा 'हं' करतो तेच हे.

खाली मऊ गादी कशाला, हा प्रश्न मुळशीच्या मुलांनी विचारावा याची मला गंमत वाटली. 2017 ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा याच तालुक्यात भुगावला झाली. तालमीत माती खणून, तेल-ताक घालून भुसभुशीत का करतात? पडणारे अंग थांबायला दहापट वेळ मिळाला, की बल दहाव्या हिश्श्यावर येते. गादीचे काम तेच आहे.

वयाचा प्रश्न मात्र एका मुलीने विचारला, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा होता. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो. हाड तिथून लांबीला वाढते. हा थर मुलींत साधारण 14-15 आणि मुलांत 16-17 वर्षांच्या सुमारास पूर्ण हाड बनतो. तोवर ती जागा कच्ची असते आणि तिथे जबर इजा झाली, तर हाडाची वाढ खुंटू शकते किंवा वाकडी होऊ शकते. तेव्हा शिक्षक लहान मुलांना फोडाफोडी करू देत नसतील, तर ते बरोबरच करतात. पहिल्याच महिन्यात कौल हाती देणारा वर्ग असेल, तर पालकांनी सरळ दुसरा वर्ग शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढच्या वर्षी तो मुलगा पुन्हा भेटला. प्लास्टर निघाल्यावर त्याने रीतसर वर्गात नाव घातले होते. "काय शिकलास?" म्हटले, तर जरा हिरमुसून म्हणाला, "दोन महिने नुसता गुडघा दुमडायला लावला, सर."